तीनदा वाचूनही इतिहासात गुण का येत नाहीत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कृषी पदवीधर आहात, तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करता, जमलं तर यूपीएससीचाही अर्ज भरणार आहात. आधुनिक भारताचा आणि महाराष्ट्राचा इतिहास तीन वेळा वाचून झालाय, नोट्सच्या दोन वह्या भरल्यात, पण टेस्ट सिरीजमध्ये इतिहासाच्या पंधरा प्रश्नांपैकी सहा-सातच्या वर गाडी जात नाही. ‘वाचताना सगळं कळतं, पेपरमध्ये मात्र दोन पर्यायांत अडकतो. माझी स्मरणशक्ती कमी पडते का? आता दुसरं पुस्तक घेऊ की क्लास लावू?’ असं तुम्ही विचारलंय.

स्मरणशक्तीची काळजी सोडा. पिकांवरच्या रोगांची शास्त्रीय नावं आणि खतांच्या मात्रा लक्षात ठेवून तुम्ही पदवी घेतलीय. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे ‘दोन पर्यायांत अडकतो’. म्हणजे चारपैकी दोन पर्याय तुम्हाला खोडता येतात. माहिती डोक्यात आहे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत फरक कशामुळे पडला, एवढंच तुम्ही वाचताना स्वतःला विचारलेलं नाही. लोकसेवा आयोग नेमकं तेच विचारतो. चौथ्यांदा त्याच पद्धतीने वाचलंत तर पुस्तक आणखी ओळखीचं होईल, गुण तिथेच राहतील.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधी सांगतो. पूर्व परीक्षेला दोनच महिने उरले असतील तर मी खाली सांगतोय ते सगळं करायला वेळ नाही. मग आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि हातातल्या पुस्तकाची रिव्हिजन, एवढ्यावरच थांबा. आठ-दहा महिने असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. कोणाला फक्त गट ब किंवा गट क ची संयुक्त परीक्षा द्यायची असेल तर त्याने महाराष्ट्राचा एकोणिसावा आणि विसावा शतकच जास्त खोलात करावा. राज्यसेवेचं चित्र मात्र बदललंय. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पूर्वी वनलायनर, म्हणजे एका ओळीतली माहिती, पाठ करून मुख्य परीक्षेतही तग धरता यायचा, आता कोऱ्या कागदावर कारण आणि परिणाम मांडावे लागतात. त्यामुळे राज्यसेवा आणि यूपीएससी या दोन्हींची इतिहासाची तयारी आता बऱ्याच अंशी एकच झालीय. तुमच्यासारख्याला हे सोयीचंच आहे.

पूर्व परीक्षेतही प्रश्नांची रचना बदललीय. यूपीएससीच्या पेपरात ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?’ असा प्रश्न आता नेहमी दिसतो आणि पर्याय असतात फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, एकही नाही. इथे एक विधान हमखास चूक आहे म्हणून दोन पर्याय खोडण्याची युक्ती चालत नाही, प्रत्येक विधान आपापलं तपासावं लागतं. त्यात चुकीला दंड आहे, यूपीएससीत एका प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश, राज्यसेवेत एक चतुर्थांश. अंदाजपंचे टिचक्या मारणाऱ्याचं नुकसान इतिहासात सगळ्यात जास्त होतं, कारण इथले पर्याय मुद्दाम एकमेकांच्या जवळचे ठेवलेले असतात.

आता मी नेमकं काय करायला सांगतोय ते एकाच विषयावर दाखवतो. तुम्ही शेतीतले आहात म्हणून जमीन महसूल घेतो.

समजा दोन विधानं दिली आहेत. पहिलं, १८७३ चा पबनाचा उठाव सावकारांविरुद्ध होता. दुसरं, १८७५ चे दख्खनचे दंगे जमीनदारांविरुद्ध होते. दोन्ही चूक आहेत. पण ज्याच्या वहीत ‘शेतकरी उठाव’ या मथळ्याखाली पबना १८७३, दख्खन १८७५ अशी यादी आहे त्याला ते ठरवता येत नाही. दोन्ही शेतकऱ्यांचे, दोन्ही दोन वर्षांच्या अंतरात, मग फरक कसला? फरक त्या जमिनीवर महसूल कोणाकडून वसूल व्हायचा यात आहे.

पबना बंगालमध्ये. तिथे १७९३ पासून कॉर्नवॉलिसची कायमधारा पद्धत. सरकार आणि कुळ यांच्यामध्ये जमीनदार बसलेला. सरकारला द्यायची रक्कम कायमची ठरलेली, कुळाकडून किती खंड, म्हणजे जमीन कसण्याचं भाडं, घ्यायचा यावर मात्र जमीनदाराला फारसा अडसर नाही. साहजिकच शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरचा शत्रू जमीनदार. पबनाच्या कुळांनी वाढीव खंड नाकारला, संघ काढला, वर्गणी जमवून कोर्टात दावे लढवले आणि आम्हाला राणीचीच रयत व्हायचंय असं सांगितलं. भांडण जमीनदाराशी, सरकारकडे मात्र न्यायाची अपेक्षा. त्यातून पुढे आला १८८५ चा बंगाल कूळ कायदा.

आता पुणे आणि नगर. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनीने इथे रयतवारी आणली. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये कोणी नाही, ज्याच्या नावावर जमीन त्याने थेट सरकारला सारा, म्हणजे जमीन महसूल, भरायचा. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली पहिली आकारणी इतकी चढी होती की लोक जमीन टाकून जाऊ लागले. मग १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विनगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. पाऊस येवो न येवो, सारा ठरल्या तारखेला रोख भरायचा. शेतकऱ्याकडे रोख रक्कम कुठून येणार? सावकाराकडून. बंगालमध्ये जमीनदार जिथे उभा होता, त्या जागी दख्खनमध्ये सावकार आला, तो सरकारने नेमलेला नव्हता एवढंच.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर ब्रिटनला लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जायचा. तो थांबला आणि सगळ्यांचं लक्ष भारतीय कापसाकडे वळलं. दख्खनमधल्या शेतकऱ्याला कापूस लावायला एकरी शंभर रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, उचल बंद झाली. नेमकी तेव्हाच विनगेटची तीस वर्षांची मुदत संपत आली होती आणि १८६७ मध्ये फेरआकारणीत सारा वाढला, काही ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी. सावकारांनी हात आखडता घेतला. त्याआधी १८५९ मध्ये मुदतीचा कायदा झाला होता. कर्जखत तीन वर्षंच वैध धरायचं म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा त्याचा हेतू होता. सावकारांनी तो उलटा फिरवला. दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायचं आणि थकलेलं व्याज मुदलात मिळवायचं. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी अंगठा उठवत राहिला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक जमले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मागितल्या त्या सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं. ती जाळली. बरेच दंगे याच पद्धतीने झाले. वही नाहीशी झाली की कर्जाचा पुरावाच संपतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दंगा कोणाविरुद्ध होता हे पाठ करायची आता गरज राहिली नाही, काय जाळलं यावरूनच ते कळतं.

पुढची गोष्ट मुख्य परीक्षेसाठी महत्त्वाची. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि दोष आला सावकारावर, साऱ्याच्या ओझ्यावर नाही. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदाही कर्जाच्या व्यवहारालाच हात घालतो, साऱ्याला नाही. अहवाल कोणी लिहिला, त्याला काय सिद्ध करायचं होतं, हा प्रश्न विचारायची सवय लागली की उत्तराला खोली येते. ‘दख्खनचे दंगे सावकारांविरुद्ध होते, सरकारविरुद्ध नव्हते. चर्चा करा.’ असा प्रश्न आला तर बहुतेक मुलं सावकारांच्या पिळवणुकीवर दीड पान लिहितात. चांगलं उत्तर पहिल्या दोन ओळींत म्हणतं की रोष सावकारावर होता हे खरं, पण सावकाराला ती जागा रोखीच्या ताठर सारावसुलीने मिळवून दिली. मग १८६५ चे कापसाचे भाव, १८६७ ची फेरआकारणी, १८५९ च्या कायद्याचा उलटा वापर, सुप्यात जाळलेल्या वह्या, आणि शेवटी आयोगाच्या निष्कर्षातला हितसंबंध. एवढं नेमकं लिहायला शंभर-दीडशे शब्द पुरतात.

हाच धागा पुढे ओढा. रयतवारीत मधला माणूस नाही, म्हणजे साऱ्याचं भांडण थेट सरकारशी. म्हणून करबंदीचे गाजलेले सत्याग्रह मुंबई इलाख्यातल्या गुजरातेत झालेले दिसतात. खेडा जिल्ह्यात १९१८ मध्ये पीक चार आण्यांपेक्षा कमी आलं तर साऱ्यात सूट मिळण्याचा नियम होता, तो सरकार पाळेना. बारडोलीत १९२८ मध्ये २२ टक्के सारावाढ, आणि चौकशीअंती ती सुमारे सहा टक्क्यांवर आली. उलट कायमधाऱ्याच्या बंगालमध्ये १९४६ ची तेभागा चळवळही जमीनमालकाच्या वाट्याविरुद्धच उभी राहिली. चंपारण १९१७ बिहारमधलं, तिथे मध्ये निळीचे मळेवाले, तीनकठिया पद्धतीने जमिनीच्या ठरावीक भागात नीळ लावायची सक्ती करणारे. चळवळीचं ठिकाण सांगितलं की शत्रू कोण हे बऱ्याचदा काढता येतं.

बऱ्याचदा म्हणतोय, नेहमी नाही. रयतवारीच्या मुंबई इलाख्यातच कोकणात खोती होती. तिथे मध्ये खोत, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला देणारा वतनदार, होता. म्हणूनच अलिबागजवळच्या चरीला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं चाललेला शेतकऱ्यांचा संप खोतांविरुद्ध झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं. अपवादही त्याच तर्काने उलगडतो. तसा विदर्भ मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात विभागलेला, त्यातल्या मध्य प्रांताच्या भागात मालगुजारीचा, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराचा, संदर्भ लागतो. महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवून कोणत्या भागात कोणती पद्धत होती हे एकदा रंगवून काढा, फार उपयोग होतो.

एवढं वाचल्यावर महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदनही वेगळं दिसतं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुद्दा. प्राथमिक शिक्षणाची मागणी त्यांनी महसुलाच्या हिशेबातून केली. पुढच्याच वर्षी आलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ याच मालिकेतला. सामाजिक सुधारणा हा वेगळा धडा आणि शेतकरी उठाव हा वेगळा धडा, अशी पुस्तकाची मांडणी असते. तुमच्या डोक्यात ते दोन्ही एकाच काळात, एकाच जिल्ह्यात, एकमेकांशेजारी असले पाहिजेत. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड १८७९ चं, १८७६-७७ च्या दुष्काळानंतरचं, त्याच पुण्याच्या परिसरातलं. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची, तीही साऱ्याच्या आणि दुष्काळाच्या प्रश्नावर काम करणारी. दहा वर्षांत एकाच मुलखात अर्ज करणारे, वह्या जाळणारे आणि बंड करणारे असे तीन मार्ग दिसतात. इथे इतिहास मला स्वतःला सगळ्यात जिवंत वाटतो आणि वर्गात मी या दशकावर मुद्दाम जास्त वेळ थांबतो.

तर पद्धत अशी. पहिलं वाचन काळाच्या क्रमाने, पुस्तक जसं आहे तसं, नोट्स न काढता. हे तुमचं झालंय. दुसरं वाचन एकेका विषयाने, सगळा काळ ओलांडून. जमीन महसूल घेतला तर अलाउद्दीन खिलजीची मोजणी आणि निम्म्या उत्पन्नाची मागणी, शेरशाहचे पट्टा आणि कबुलियत, तोडरमलची १५८० ची दहसाला, मलिक अंबरची मोजणी, शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी केलेली जमीनपाहणी, तिथून १७९३, रयतवारी, महालवारी, आणि शेवटी स्वातंत्र्यानंतरचा कूळ कायदा. हे सगळं दोन पानांत मावतं. असेच धागे म्हणजे वृत्तपत्रं आणि त्यांच्यावरचे कायदे, शिक्षण, जातिव्यवस्थेविरुद्धच्या चळवळी, स्त्रियांचे प्रश्न, घटनात्मक सुधारणा, कामगार. सात-आठ धागे पुरेत. नोट्स काढायच्या त्या याच वाचनात, आणि पुस्तक मिटून. पुस्तक उघडं ठेवून काढलेल्या नोट्स म्हणजे पुस्तकाचीच छोटी नक्कल. तुमच्या दोन वह्या बहुधा तशाच झाल्यात.

फरक कशामुळे पडला हा प्रश्न समाजसुधारकांच्या बाबतीतही तसाच चालवायचा. राज्यसेवेच्या मुलांची सगळ्यात जास्त गल्लत तिथे होते. परमहंस सभा आणि प्रार्थना समाज घ्या. पहिली १८४९ ची, दादोबा पांडुरंग यांची. दुसरा १८६७ चा, त्यांचेच धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग यांचा. दोन्ही मुंबईतले, दोघंही तर्खडकर. पण परमहंस सभा गुप्त होती. सभासद जातिबंधन मोडून एकत्र जेवत, आणि हे बाहेर कळलं तर बहिष्कार पडेल ही भीती. नावं बाहेर फुटली आणि सभा संपली. १८६४ मध्ये केशवचंद्र सेन मुंबईला येऊन गेले, ब्राह्मो समाजाचं काम इथल्या शिकलेल्या लोकांनी पाहिलं आणि मग उघडपणे प्रार्थना समाज निघाला. मग १८७३ मध्ये फुल्यांना तिसरी संस्था का काढावी लागली? कारण सत्यशोधक समाजाचा प्रश्नच वेगळा होता. देव आणि माणूस यांच्यात भटजी कशाला, लग्न पुरोहिताशिवाय का लागू नये, आणि हे विचारणारे शेतकरी, कारागीर, माळी, कुणबी. प्रार्थना समाजाचे लोक प्रामुख्याने शहरी आणि इंग्रजी शिकलेले. कोणी काढली, उघड की गुप्त, सभासद कोण, आधीच्या संस्थेत काय कमी पडलं, एवढे चार प्रश्न प्रत्येक संस्थेला विचारा. मग ‘योग्य जोड्या लावा’ सोपं जातं.

घटनात्मक कायद्यांचंही तसंच. द्विदल राज्यपद्धती १९१९ ची की १९३५ ची, यावर अर्धा वर्ग अडकतो. १९१९ मध्ये ती प्रांतांत आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती मंत्र्यांकडे सोपवली, पण कायदा-सुव्यवस्था, अर्थ आणि जमीन महसूल राखीव ठेवले. पैसा आणि पोलीस हातात ठेवायचे, जिथे खर्च आहे आणि लोकांची नाराजी ओढवते ती खाती भारतीय मंत्र्यांना द्यायची, हा त्यातला डाव. १९३५ मध्ये प्रांतांत स्वायत्तता आली, द्विदल पद्धत केंद्रासाठी सुचवली गेली, आणि संघराज्याचा तो भाग कधी अमलातच आला नाही. महसूल राखीव का ठेवला हे एकदा समजलं की यादी पाठ करावी लागत नाही. पुणे करार मात्र आकड्यांसकट लक्षात ठेवा. सप्टेंबर १९३२, ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात दलितांना स्वतंत्र मतदारसंघांसह दिलेल्या ७१ जागांऐवजी १४८ राखीव जागा, पण संयुक्त मतदारसंघ. इथे काय मिळालं आणि काय सोडावं लागलं, दोन्ही एकाच वाक्यात आल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

प्राचीन आणि मध्ययुगाला तुम्ही घाबरता असं प्रश्नावरून वाटलं. तिथे राजांच्या वंशावळी पाठ करण्यात वेळ घालवू नका. यूपीएससी तिथे पुराव्यावर आणि संज्ञांवर प्रश्न काढते, इक्ता म्हणजे काय, मनसबदारीत जात आणि सवार यांचा अर्थ काय, कोणता शिलालेख कोणाचा. प्रत्येक मोठ्या घटनेशी ‘हे आपल्याला कशावरून कळलं?’ हा प्रश्न जोडा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात वंशाच्या नहपानाचा पराभव केला, हे वाक्य सगळ्यांना येतं. कशावरून? नाशिकच्या लेण्यांत त्याची आई गौतमी बलश्री हिच्या काळचा शिलालेख आहे, त्यात क्षहरात वंश निर्मूळ केल्याचा उल्लेख आहे. शिवाय नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवलेला आहे. पराभूत राजाचं चलन नव्या राजाने आपल्या नावाने चालवलं. शिलालेख आणि नाणी एकमेकांना दुजोरा देतात. नाणेघाटचा नागनिकेचा लेख, जोर्वे संस्कृतीचं इनामगाव, प्रवरेकाठचं दायमाबाद, सोपाऱ्याचा अशोकाचा लेख, हे सगळं आपल्या हाताशी आहे आणि दोन्ही आयोगांच्या कामाचं आहे. जमलं तर नाशिकची लेणी एकदा बघून या.

सनावळीबद्दल. सगळ्या तारखा पाठ होत नाहीत आणि व्हायची गरजही नाही. १७५७, १७६४, १७९३, १८१८, १८५७, १८८५, १९०५, १९०९, १९१९, १९३५, १९४२, अशी थोडी वर्षं झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजेत. बाकीच्या घटनांचा क्रम यांच्या आधाराने लावा. आयोग ‘कालानुक्रमे लावा’ असं विचारतो तेव्हा त्याला क्रम हवा असतो, आणि क्रम कारणांतून कळतो. ब्रिटिश राज्यकर्त्यांनी वृत्तपत्रांवर केलेल्या कायद्यांचं उदाहरण बघा. १८२३ मध्ये अ‍ॅडमने परवान्याची सक्ती केली, १८३५ मध्ये मेटकाफने बंधनं काढली, १८७८ मध्ये लिटनने देशी भाषांतल्या पत्रांना वेगळा कायदा लावला, तो १८८२ मध्ये रिपनने मागे घेतला. लिटनचा कायदा दुष्काळाच्या काळातला, अफगाण युद्धाच्या तोंडावरचा, सरकारवर टीका वाढलेली होती. हे माहीत असेल तर वर्ष एखाद-दुसऱ्याने हुकलं तरी क्रम हुकत नाही.

चाचण्यांबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. गुण मोजून पेपर बाजूला ठेवू नका. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: माहीतच नव्हतं, दोन गोष्टींत गल्लत झाली, की प्रश्न नीट वाचला नाही. तुमच्या वर्णनावरून दुसऱ्या प्रकारचे शेरे जास्त निघतील. त्या गल्लतीच्या जोड्या एका वेगळ्या वहीत आमनेसामने लिहा आणि खाली फरकाचं एकच वाक्य. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचायची वही ती. सराव मात्र आयोगाच्या स्वतःच्या प्रश्नांवरच आधी करा आणि अंतिम उत्तरतालिकेशीच ताडून बघा. बाजारातल्या संचांमध्ये चुकीची उत्तरं छापलेली असतात आणि ती एकदा डोक्यात बसली की निघता निघत नाहीत.

पुस्तक आणि क्लास. दुसरं पुस्तक आत्ता घेऊ नका. राज्य मंडळाची आणि एनसीईआरटीची इतिहासाची पुस्तकं, आधुनिक भारतावर एक आणि महाराष्ट्रावर एक संदर्भग्रंथ, एवढं पुरतं. दुसरं पुस्तक उघडायचं ते एखाद्या धाग्यात भोक राहिलं तर, तेवढ्या प्रकरणापुरतं. क्लासचं उत्तर तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे. पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च आणि फी मिळून घरावर कर्ज होणार असेल तर इतिहासासाठी क्लास लावू नका, या विषयात स्वतः वाचून उत्तम गुण घेणारी मुलं मी दर वर्षी बघतो. ज्याची खरी गरज लागते ती उत्तर तपासून देणाऱ्या माणसाची. अभ्यासिकेतल्या तिघा-चौघांनी आठवड्याला एक प्रश्न ठरवून लिहावा आणि एकमेकांचा तपासावा. तपासताना फक्त दोन गोष्टी बघा, प्रश्नाचं उत्तर पहिल्या परिच्छेदात आलंय का, आणि प्रत्येक दाव्याला एखादं ठिकाण, वर्ष किंवा कायदा जोडलाय का. सुरुवातीला दख्खनच्या दंग्यांवरचा वरचाच प्रश्न घ्या, पण माझा परिच्छेद न बघता लिहा.

शेवटचं, अभ्यासक्रमातला एक भाग तुमच्या प्रश्नात दिसलाच नाही, स्वातंत्र्यानंतरचा भारत. मुख्य परीक्षेत तो आहे आणि तिथे मुलं कोरी जातात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादची मुक्ती, राज्य पुनर्रचनेसाठीचा फाजल अली आयोग आणि १९५६ ची पुनर्रचना, द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्राची स्थापना, १९ डिसेंबर १९६१ ला गोवामुक्ती, हा एक सलग धागा आहे. दुसरा धागा जमीन सुधारणांचा. मुंबई राज्याचा १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. खोती, मालगुजारी, कायमधारा यांतलं काय कुठे कधी संपलं ते त्याच दोन पानांच्या शेवटी जोडा. तुमच्या गावच्या तलाठी कार्यालयातल्या जुन्या फेरफारांमध्ये त्या तारखेच्या आसपासच्या कुळांच्या नोंदी असतील तर त्या बघायला मिळतात का विचारा. कृषी पदवीधराला सातबारा वाचता येतोच.